पहाऱ्याचा उजेड

सिद्धटेकच्या घाटावरून भीमेच्या काठाकाठानं वरच्या अंगाला चालत राहिलात, की कर्जत तालुक्याची शीव मागं पडते आणि पेडगाव येतं. आज गेलात तर पडकी तटबंदी, बाभळींची दाटी आणि लक्ष्मीनारायणाचं कोरीव देऊळ दिसेल. पण तुम्ही पोचताय ते सन १६७५च्या सुमाराला. मोगलांचा सुभेदार बहादूरखान कोका इथं ठाण मांडून बसलाय, आणि त्याच्या नावावरून लोक या जागेला बहादूरगड म्हणू लागलेत. तुमच्या हातात भाला आहे, खांद्यावर घोंगडी. रात्रीचा दुसरा प्रहर तुमच्या पहाऱ्याचा.

तुम्हाला इथं आणलं ते मुद्दाम. लढायांच्या इतिहासात आपण तोफा मोजतो, घोडी मोजतो, खजिना मोजतो. शिपाई ज्या उजेडात जेवला, झोपला, जागला, तो उजेड कुणी मोजत नाही. माणसाचं मन आणि त्याचा हात त्या उजेडावर किती अवलंबून असतात, हे कर्जतच्या आसपासच्या साडेतीनशे वर्षांत फिरून तुम्हीच पाहा. प्रत्येक ठिकाणी तुम्ही शिपाईच असाल, आणि प्रत्येक ठिकाणी पहारा तुमचाच असेल.

छावणीत उजेडाचीही उतरंड आहे. खानाच्या डेऱ्यात चिरागदानं तेवतायत. पागेजवळ दिवटी आहे, कारण घोडं चोरीला गेलं तर हिशेब द्यावा लागतो. दिवट्या हातातल्या बुधल्यातून तिच्यावर तेलाची धार सोडतो, तेव्हा ज्योत उसळते आणि करडईच्या तेलाचा उग्र वास नाकात जातो. खुद्द बादशहाच्या छावणीचा थाट तर याहून मोठा. अकबराच्या काळापासून तिथं चाळीस गजांहून उंच खांब उभा करत, सोळा दोरांनी तो ताणून धरत आणि त्याच्या टोकाला मोठा कंदील टांगत. त्याला आकाशदिया म्हणत. रात्री वाट चुकलेल्यानं त्याच्याकडे पाहत छावणी गाठायची. औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर प्रवास केलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्यानंही तो दिवा पाहून लिहून ठेवलाय.

तुमच्या वाट्याला काय आलंय? चार पालांच्या मध्ये पेटलेली एक शेकोटी. माघाची थंडी आहे, म्हणून तुम्ही तिच्याकडे तोंड करून बसता. जाळाकडे पाहत राहिलं की बरं वाटतं. गावची आठवण येते, शेजारचा बोलू लागतो. मग नदीच्या बाजूला काहीतरी खसफसतं. तुम्ही उठून चार पावलं अंधारात जाता आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. काठ दिसत नाही, झाड दिसत नाही, हातातल्या भाल्याचं टोकही दिसत नाही.

हे तुमच्या भित्रेपणामुळं झालेलं नाही. डोळ्याच्या पडद्यावर अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांच्यातलं प्रकाश टिपणारं द्रव्य जाळाच्या उजेडानं विरून जातं आणि ते पुन्हा पुरतं भरून यायला अर्धा तास लागतो. डोळा दिपतो क्षणात, सावरतो सावकाश. शेकोटीनं तुमचं मन राखलं आणि नजर काढून घेतली. सगळ्या गोष्टीची गाठ इथंच आहे, आणि ती पुढच्या प्रत्येक छावणीत तुमच्या पायात अडकणार आहे.

आता एकशेवीस वर्षं पुढं चला आणि पेडगावकडून उगवतीला, कर्जतचा मुलूख ओलांडून, जामखेडच्या बाजूला खर्ड्याजवळ थांबा. तारीख ११ मार्च १७९५. होळी होऊन पाच-सहा दिवस झालेत. कृष्णपक्ष आहे, चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार. मराठ्यांची एवढी मोठी एकजूट यापुढं पुन्हा दिसणार नाही: सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, बरोबर शिंद्यांचे, होळकरांचे, नागपूरकर भोसल्यांचे लोक, मागं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस. ज्यांच्यावर नाना विसंबत, ते हरिपंत फडके मात्र नाहीत. आदल्या वर्षीच सिद्धटेकच्या गणपतीपाशी त्यांनी देह ठेवला.

तुम्ही समोरच्या बाजूला आहात. निजामाच्या फौजेत, फ्रेंच सेनानी रेमंडच्या कवायती पलटणीत. दिवसभराची लढाई निकाली निघालेली नाही. तुमच्या पलटणीनं चांगली झुंज दिली होती. तरी निजाम अलीच्या जनान्यात घबराट झाली म्हणून संध्याकाळी तुम्हाला मागं घेतलंय. आता तुम्ही भरलेली बंदूक उशाशी घेऊन रांगेत उघड्यावर आडवे झालात. पोटात धड अन्न नाही. मागं निजामाचे डेरे आहेत, त्यांच्या कनातींतून पिवळा उजेड झिरपतोय. पुढं काळोख.

त्या काळोखात एक ओढा आहे. मराठ्यांची एक छोटी टोळी आपल्या घोड्यांना पाणी पाजायला म्हणून तिथं येते. त्यांना हल्ला करायचा नाही, तुम्ही इतक्या जवळ आहात हेही त्यांना ठाऊक नाही. अचानक दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर येतात. एक बार उडतो, त्याला उत्तर म्हणून दुसरा. आणि तुम्ही, झोपेतून दचकून उठलेले, बंदूक खांद्याला लावून चाप ओढता. तुमच्या शेजारचाही ओढतो. सगळी रांग काळोखात बार टाकत सुटते. प्रत्येक बंदुकीच्या तोंडाशी जो भडका उडतो तो तुमच्याच डोळ्यांवर येतो, आणि पुढचा काळोख आणखी दाट होतो.

मागच्या डेऱ्यांत काय होतंय ते आता पाहा. आत चिरागदानाच्या उजेडात बसलेल्यांना बाहेरचं काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आणि ऐकू येतंय ते अगदी छावणीच्या मध्यात लढाई पेटल्यासारखं. उजेडात बसलेल्या माणसाला बाहेरचा काळोख नुसता काळा दिसतो. त्यात शत्रू किती, हे त्याची भीती ठरवते. निजाम अली तडकाफडकी निघतो आणि निंबाळकरांच्या खर्ड्याच्या गढीवजा किल्ल्यात जाऊन बसतो. धनी गेला हे कळताच फौज पांगते. कित्येक जण जाताजाता आपल्याच छावणीचं सामान लुटतात. दिवस उजाडतो तेव्हा मराठ्यांना समोर टाकून दिलेल्या तोफा दिसतात, विखुरलेली ओझी दिसतात आणि फौजेचा थोडाच भाग उरलेला दिसतो. मग वेढा, आणि थोड्याच दिवसांत निजामाला मान्य कराव्या लागलेल्या अटी.

खर्ड्याच्या विजयाचं श्रेय नानांच्या जमवाजमवीला आणि मराठा घोडदळाला आहेच, त्यात मी काही काढून घेत नाही. पण त्या रात्रीचा शेवटचा घाव तलवारीचा नव्हता. थकलेली माणसं, चुकीच्या जागी लावलेले दिवे आणि दिपलेले डोळे यांनी एक फौज आपली आपण मोडली. हे शाळेत शिकवलं जात नाही, शिकवायला हवं.

नगरला या. भुईकोट किल्ला १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि गावाबाहेर छावणी वसली. १९०१ मध्ये इथं दक्षिण आफ्रिकेतून आणलेले बोअर कैदी आहेत, पहिल्या महायुद्धात जर्मन स्थानबद्ध येतील. तुम्ही त्यांच्यावर पहारा देताय. दिवा आहे काचेचा, रॉकेलचा, वादळी कंदील म्हणतात तो. वारा आला तरी विझत नाही, ही मोठी सोय. पण काच पहाटेपर्यंत काजळते, आणि कोंदट बराकीत रात्रभर जळलेल्या रॉकेलनं सकाळी डोकं जड होतं. त्या उजेडात तुम्ही गावाकडून आलेलं पोस्टकार्ड पुन्हा पुन्हा वाचता. यापेक्षा जास्त त्या वर्षांनी शिपायाच्या उजेडासाठी काही केलं नाही, म्हणून इथं थांबायला नको.

डिसेंबर १९७१. पुन्हा नगरच, पण आता ही आपल्या फौजेची जागा आहे. १९४८ पासून रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा इथं आहे. देशाचा प्रत्येक रणगाडा अधिकारी कधी ना कधी नगरची धूळ खातो. या महिन्यात तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम चालू असतानाच युद्ध भडकलंय आणि मुलांना आपापल्या रेजिमेंटकडे परत बोलावलंय. त्यांच्यात पूना हॉर्सचा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आहे. जूनमध्येच त्याला कमिशन मिळालंय. तो गाडीत बसून निघून गेलाय.

तुम्ही मागं उरलाय. खारे-कर्जुनेच्या माळावर रात्रीच्या सरावासाठी सेंच्युरियन रणगाड्यात उतरा. चार माणसांची जागा: चालक पुढं, वर बुरुजात कमांडर, तोफची आणि तोफेत गोळा भरणारा. झाकण बंद केलंत की बाहेरचं जग संपतं. उरतो तो लोखंडाचा, तेलाचा आणि घामाचा वास, आणि एक छोटा दिवा. या दिव्यावर सगळं अवलंबून आहे. तो नसला तर गोळा कुठला, खुणेचा काटा कुठं, काही कळत नाही. तो पांढरा आणि प्रखर असला, तर कमांडरनं झाकणाबाहेर डोकं काढताच पेडगावच्या पहारेकऱ्याचं झालं तेच त्याचं होतं. शिवाय उघड्या झाकणातून निसटलेला उजेड दूरवरून दिसतो, आणि शत्रूला तेवढं पुरतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांत आणि विमानांत यावर लाल दिव्याचा तोडगा निघाला. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ जाणवत नाही. म्हणून लाल उजेडात काम करून बाहेर आलात तर रात्रीची नजर बरीचशी शाबूत राहते. पण फुकट काही मिळत नाही. नकाशावर लाल शाईनं काढलेल्या रेघा लाल दिव्याखाली दिसेनाशा होतात. रस्ता म्हणून जी रेघ आखली होती ती कागदात विरून जाते. त्यासाठी नकाशांची शाई बदलावी लागली. पुढं रात्रीच्या दुर्बिणी आल्या, तर त्यांना लाल उजेड नेमका खुपतो. मग कित्येक ठिकाणी हिरवट-निळा मंद दिवा आला. एका दिव्याचा रंग बदलायचा तर नकाशा, दुर्बीण आणि सवय, तिन्ही बदलावी लागतात. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर बाहेरचं पोलाद पाहून पुढं सरकू नका. जिथं आत डोकावता येईल तिथं डोकावा, आणि या एवढ्याशा जागेत माणूस रात्रभर काय पाहत असेल याचा विचार करा.

पंधरा डिसेंबरच्या रात्री बसंतर नदीवर पूना हॉर्सचे रणगाडे सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पुढं घुसले. वाट पुरती साफ झालेली नव्हती. कर्नल हनूत सिंगांनी थांबायचं नाही असं ठरवलं, आणि काळोखात, थंडीत, चालकांनी पुढच्या गाडीच्या मागावर माग ठेवत रणगाडे पार नेले. सोळा तारखेला अरुण खेत्रपाल आपल्या जळत्या ‘फॅमागुस्टा’ रणगाड्यातून शेवटपर्यंत लढत गेला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या रात्रीच्या चालकांची नावं आपल्याला माहीत नसतात. ज्यांनी उजेडाशिवाय वाट काढली त्या डोळ्यांपुढं मी मान झुकवतो.

एवढं झालं नजरेचं. मनाचं काय? त्यासाठी तुम्हाला एकदाच परदेशी पाठवतो, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक गावी. तिथं अमेरिकन लष्कराचं शिपायाच्या गरजांवर संशोधन करणारं केंद्र आहे. त्याचं जेवण, त्याचा गणवेश, त्याचा तंबू. लष्करी तंबूसारखा खिडक्या नसलेला निवारा उभारून तिथल्या संशोधकांनी चोवीस स्वयंसेवकांना वेगवेगळ्या दिव्यांखाली काम करायला बसवलं. एकीकडे नेहमीची फ्लुरोसंट नळी, दुसरीकडे वेगवेगळ्या छटांचे एलईडी. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. पांढऱ्या-निळसर एलईडीखाली माणसं जास्त तरतरीत राहिली, खिन्नता कमी जाणवली, आणि नजरेच्या व विचाराच्या काही कामांत त्यांचा प्रतिसाद जलद झाला. तुम्ही त्या निवाऱ्यात बसून पाहा. काही तासांनी तुमच्याही लक्षात येईल की पिवळट, मरगळलेल्या दिव्याखाली सोपं कामही जड जातं, आणि माणूस त्याचा दोष स्वतःला देतो.

हे का होतं ते कळायला त्याआधीची काही वर्षं गेली. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना मेलानॉप्सिन नावाचं द्रव्य सापडलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डोळ्यात वेगळ्या पेशींचा एक गट आहे. त्या पेशी चित्र दाखवण्यासाठी नाहीत. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात. निळ्या उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. निळसर उजेड पडला की झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनची आवक थांबते, शरीर जागं राहायची तयारी करतं.

मग सगळ्या बराकींत रात्रंदिवस निळसर पांढरे दिवे लावले की झालं, असं वाटेल. तिथंच चूक होते. १९९० मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइसलर यांनी रात्रपाळीच्या माणसांवर केलेल्या प्रयोगात रात्री हजारो लक्सचा प्रखर उजेड दिला. पण त्याबरोबर दिवसा नऊ ते पाच गडद अंधाऱ्या खोलीत राहण्याचं बंधनही घातलं. दोन्ही मिळून शरीराचं घड्याळ बदललं. ज्याला जागायचं त्याला उजेड द्या, आणि ज्याला झोपायचं त्याला तितक्याच काळजीनं अंधार द्या. अन्नाचा शिधा शिपायाला मापून मिळतो; तसा उजेडाचा आणि अंधाराचाही मिळायला हवा, हे माझं म्हणणं आहे. ते मी पेडगावच्या शेकोटीपाशी बसलेल्या तुमच्यासाठी म्हणतोय, आणि आजच्या तुमच्यासाठीही.

आजचे तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात आणि कर्जत तालुक्यातल्या एका गावात राहता. राशीन म्हणा, मिरजगाव म्हणा. पावसाचा भरवसा नसलेला हा मुलूख, म्हणून घरोघर एखादा पोरगा भरतीच्या मागं असतो. फौज, एसआरपी, पोलीस, जिथं जमेल तिथं. पहाटे पाचला रस्त्याच्या कडेनं तुम्ही सोळाशे मीटरचा वेळ लावून पळता. संध्याकाळी पुलअप्स. अग्निवीर भरतीत लेखी परीक्षा आधी आली, तेव्हापासून रात्र अभ्यासिकेत जाते. तिथं डोक्यावर थंड पांढऱ्या एलईडी पट्ट्या बारा-एकपर्यंत चालू असतात. मग खोलीवर येऊन तुम्ही मोबाईल डोळ्यांसमोर धरता. पडता तेव्हा झोप येत नाही, आणि पाचला उठता तेव्हा पाय उचलत नाहीत. दम कमी पडला असं तुम्हाला वाटतं. प्रशिक्षकही तेच सांगतात. उजेडाचं नाव कुणी काढत नाही.

दिवा आता महाग राहिलेला नाही. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ मध्ये नोबेल मिळालं, ५ जानेवारी २०१५ पासून उजाला योजनेतून नऊ वॉटचे दिवे घराघरात पोचले. असा दिवा एका युनिटात शंभर तासांहून जास्त जळतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच गावांत भारनियमनानं मुलं चिमणीवर वाचत होती. तेव्हा उजेड मिळवायचा होता, आता तो वेळेवर उतरवायचा आहे. अभ्यासिकेच्या चालकांनी रात्री नऊनंतर छताचे पांढरे दिवे बंद करून टेबलावर उबदार पिवळे दिवे द्यावेत, फक्त पुस्तकावर पडतील असे. आणि पहाटेची धाव सूर्य उगवून वर आल्यावर संपवावी, अर्धा तास उन्हात काढून. मोकळ्या माळावरच्या कोवळ्या उन्हातही खोलीतल्या ट्यूबच्या कितीतरी पट लक्स असतात. कर्जतच्या माळाला एवढ्या एका गोष्टीची ददात नाही.

तुम्ही भरती झालात, असं धरू. प्रशिक्षण संपलं आणि तुम्ही कुठल्याशा बराकीत आलात. रात्रीचा पहारा, दोन तास ड्युटी, चार तास आराम. पहाटे तीन ते पाच शरीर सर्वांत थंड आणि मंद असतं. घड्याळ न पाहताही ती वेळ तुम्हाला कळते, कारण तेव्हाच डोळे मिटू लागतात. ‘थम, कौन आता है’ म्हणायला तोंड उघडतं आणि शब्द अर्ध्या क्षणानं उशिरा येतात. पहाऱ्याच्या खोलीत नळी जळतेय, फाटकापलीकडं अंधार आहे. पेडगावची शेकोटी आता छतावर टांगलीय, एवढाच फरक. खोलीत मंद तांबूस दिवा हवा, प्रखर झोत बाहेर फाटकावर, येणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा, आणि तुम्ही त्याच्या मागं.

सकाळी दहाला तुम्ही झोपायला बराकीत येता. बारा खाटा, चार ट्यूब. चौघं जण रात्रीचे आहेत, त्यांनी गमछे डोळ्यांवर ओढलेत. बाकीचे बूट पॉलिश करतायत, त्यांना उजेड लागतो, त्यांचंही बरोबर आहे. तुम्ही उठून बोर्डापाशी जाता. चारही ट्यूब एकाच बटणावर आहेत. वायरमननं वायर वाचवली होती. त्या फळीवर चार बटणं बसवायला एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, खिडकीला जाड पडदा लावायला शिंप्याचं तासाभराचं. दरबारात साहेब विचारतात, कुणाची काही अडचण? जेवणाबद्दल बोलणारे असतात, रजेबद्दल बोलणारे असतात. तुम्ही उभे राहा आणि बटणाचं सांगा.